तळ्याकाठच्या घरातला माझा अर्धा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, चित्त मात्र थाऱ्यावर नाही. मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, कालपासून पाऊस थांबलेला नाही, आणि भिंतीपलीकडे माझा थोरला भाऊ खोकतो आहे. त्याच्याशी मी अकरा वर्षं बोललेली नाही.

१. शहरातलं राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत जे असेल ते माझ्या मुलीला. "आई, एका जागी बस ना जरा," असं ती आत्ता म्हणाली. एवढं कलम लिहिताना मी तीनदा उठले. एकदा गळणाऱ्या छपराखाली पातेलं सरकवायला, दोनदा उगीचच.

२. मोजणीची दुर्बीण, तिपाई आणि पोलादी टेप माझ्या हाताखाली शिकलेल्या मोजणीदार बाईंना. मुलीने त्या टेपने पडदे मोजू नयेत. बाबा गेल्यावर याच टेपने मी हे तळ्याकाठचं घर मधोमध विभागून फळ्यांची भिंत घातली. अर्ध्या इंचाचाही फरक नाही. त्यात स्वयंपाकघर दादाकडे गेलं आणि न्हाणीघर माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी इथे येते तेव्हा गार खाते, आणि तो येतो तेव्हा तळ्यात आंघोळ करतो. गाठ पडू नये म्हणून पहिला-तिसरा शनिवार त्याचा, दुसरा-चौथा माझा. पाचव्या शनिवारचं ठरवायचं राहून गेलं. आज पाचवा शनिवार आहे. दोघंही आलो, आणि तासाभरात मागचा पूल पाण्याखाली गेला.

३. ~~दादाला काहीही देऊ नये. बाबा हयात असताना, मी दौऱ्यावर असताना, त्याने त्यांची होडी परस्पर विकली.~~

इथवरचं काल दुपारी लिहिलं, आणि हे कलम आज खोडलं. खोडण्याचं कारण नोंदवणं भाग आहे.

काल मी ते लिहीत असतानाच वहिनींनी मधलं दार ठोठावलं. हातात गरम भात-भाजी. ऑपरेशनचं त्यांना माझ्या मुलीने सांगितलं होतं, घरातच फितुरी.

"वन्सं, आधी जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि त्या होडीचं एकदा ऐकून घ्या. बाबांना शेवटी शेवटी परतायची वाट आठवायची नाही. दोनदा ह्यांनी पोहत जाऊन आणलं त्यांना. मग विकली."

"मला का नाही सांगितलं?"

उत्तर पलीकडून आलं, दादाचं. "बाबांनी शपथ घातली होती. तुला कळलं तर नोकरी सोडून येशील म्हणून."

मी भात तसाच ठेवला आणि संध्याकाळभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. बाबा गेले त्या आठवड्यात सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्याला चोर म्हणाले होते. तो ऐकून घेऊन बाहेर गेला होता. मला वाटलं होतं, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून गेला.

४. तळ्याकाठच्या घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला द्यावा. मी चुकले. हे तोंडाने म्हणायला आज सकाळपासून दोनदा मधल्या दारापर्यंत जाऊन आले, जमलं नाही. म्हणून कायद्याच्या भाषेत लिहीत आहे.

५. मुलगी वकिलाकडे काम करते. ती म्हणते, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा रद्द होतो. त्याच्या बायकोने केली तरी तेच. इथे आम्ही चौघंच आहोत. म्हणजे पूल मोकळा झाल्यावर वाटेत कोणीतरी दोघे अनोळखी गाठावे लागणार, आणि मंगळवारच्या आत मोकळा झाला नाही तर हा कागद फुकट. हे लिहिताना घड्याळाकडे आणि पाण्याकडे आलटून पालटून बघते आहे.

मुलीने माझं न ऐकता दादाला बोलावून आणलं आहे. तो समोर बसून कागद वाचतो आहे. स्वतःचा चष्मा गाडीत राहिला म्हणून माझा लावला आहे. चौथं कलम त्याने बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाला, "कर सही. आमच्यासमोर कर." मी विचारलं, "साक्षीदार कुठून आणू?" तो म्हणाला, "तू कर तर खरी."

करते.

ठिकाण: तळ्याकाठचं घर. ३० तारीख, रविवार, दुपारचे चार.

लिहिणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) वहिनी. ह्यांनी सांगितलं आणि मला पटलं, म्हणून.

साक्षीदार २: (सही) थोरला भाऊ. सही केली की वाटा जातो हे भाचीने मला नीट समजावलं आहे, मी मुद्दाम करतो आहे. मंगळवारी ऑपरेशनच्या दाराबाहेर मी बसणार आहे. ही गेली तर मला काही मिळेल, असा माणूस म्हणून मला तिथे बसायचं नाही.