कात्रीचा खिसा

२ मार्च

चि. बारकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि दुकानातली गिऱ्हाइकं कान टवकारतात. लिहिताना निदान मधे थांबून पाणी पिता येतं.

तर तू आणि तुझ्या थोरल्या जाऊबाई जूनमध्ये जहाजाने बाल्टिक समुद्र फिरायला निघालात. छान. इतकं छान, की तुझं पत्र वाचता वाचता मी एका शर्टाची बाही उलटी जोडली. तुझी नर्सची नोकरी संपली, रात्रपाळ्या संपल्या, आता फिरायलाच हवं.

फक्त एक आठवण करून देते, भांडण म्हणून नव्हे. जेवणाचं टेबल उलटं करून त्याचं जहाज कोण करायचं? त्याच्या पायांना चादर बांधून शीड कोण उभारायचं? नकाशाच्या पुस्तकात बोट ठेवून तो वरचा, बर्फाजवळचा समुद्र कोणी निवडला होता? मी कप्तान होते आणि तू डेक पुसायचीस. त्या जहाजावर तुझ्या जाऊबाई कुठेही नव्हत्या.

तुम्हा दोघींचे गरम कोट मी शिवते. तुझं माप पाठ आहे. त्यांचं कळव.

लोभ आहेच. तो जाऊबाईंना वाटता वाटता माझ्यासाठी चमचाभर तरी उरव.
तुझी
ताई


८ मार्च

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि. शर्टाच्या बाहीबद्दल वाईट वाटलं आणि हसूही आलं.

पण मी तुला विचारलं होतं की नाही? तुझ्याच दुकानात, तुझ्यासमोर स्टुलावर बसून. तू बटणं लावत होतीस. येतेस का म्हटल्यावर तू मान वर न करता नको म्हणालीस. दुकान कोण बघणार, आणि तुला तलावातल्या नावेतसुद्धा मळमळतं. मग मी जाऊबाईंना विचारलं. त्या उभ्याउभ्याच हो म्हणाल्या आणि संध्याकाळी बॅगेवरची धूळ झटकताना दिसल्या.

आता रोज आमचा तोच उद्योग. जूनमध्ये तिकडे रात्र नावापुरतीच असते म्हणे. जाऊबाई डेकवर दिव्याशिवाय पुस्तक वाचणार आहेत. खोली खिडकीची घेतली. समुद्रावर जाऊन भिंत कशाला बघायची? बंदराला उतरलं की बसच्या घोळक्यात न शिरता जुन्या गावांतून पायी हिंडायचं, असंही ठरलंय. खोलीत वरच्या बाजूला, भिंतीतून खाली ओढायचा तिसरा पलंग आहे. हवा असला तर महिनाअखेरीपर्यंत सांगायचं. जाऊबाई म्हणतात, त्यावर बॅगा ठेवू.

डेकवर वारा बोचरा असतो, म्हणून कोट लांब हवेत. जाऊबाईंचं माप सोबत आहे.

तुझ्या मायेला सरावलेली,
बारकी


१७ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. जाऊबाईंचा कोट आज पार्सलने पाठवला. त्यांची उंची वाचतानाच माझी मान दुखली. तुझा कोट मागाहून शिवते. तू घरचीच आहेस, थांबशील.

कपाटातलं निळं लोकरी कापड काढलं. इतकी वर्षं ते कुठल्याही गिऱ्हाइकाला द्यायचं मन झालं नव्हतं. खरं सांगायचं तर तुझ्या जाऊबाईंनाही द्यायचं नव्हतं. पण जहाजावर तुझ्याशेजारी कुणी बोचक्यासारखं उभं राहिलं, तर नाव माझं खराब होईल.

तुला ठाऊकच आहे, माझ्या दुकानात पुतळा नाही. माझं अंगच पुतळा. समोरच्याचं माप मनात धरायचं, स्वतःवर चढवून बघायचं आणि तेवढं कमीजास्त करायचं. आजवर हात कधी चुकला नाही. हा कोट चढवून मात्र मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. कॉलर वर केली. पंखा मोठा केला आणि वारा अंगावर घेतला. हे जाऊबाईंना सांगायचं काम नाही.

बॅगांना पलंग मिळाला हे वाचून बरं वाटलं. बॅगांना आराम हवाच.

आहे तो लोभ निदान आटू देऊ नकोस.
ताई


२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कोट जाऊबाईंना झाला नाही.

बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. उंची गुडघ्यापर्यंतसुद्धा येईना. डाव्या खांद्याला पाठीत घडी पडत होती. जाऊबाई सभ्य बाई, म्हणाल्या की हल्ली अशीच फॅशन असेल. मग त्यांनी आत हात घातला आणि विचारलं, की डाव्या बाजूला हा अरुंद खिसा कशासाठी? त्यात चष्मा बसेना, रुमालही जाईना.

ताई, तो कात्रीचा खिसा आहे. आतून जाड कापड लावलेला, टोक बोचू नये म्हणून. तुझ्या प्रत्येक कपड्याला तो असतो. बाकी कुणाला तो लागतो?

मग मी कोट मांडीवर घेऊन नीट बघितला. मशीनवर वाकून वाकून तुझा डावा खांदा खाली आलाय. कामात आड येतात म्हणून तुझ्या बाह्या आखूड असतात. हा कोट तू जाऊबाईंच्या मापाचा शिवायला घेतलास आणि तुझ्या हातांनी तो तुझा शिवला. मला रडूच आलं. तुझं ‘नको’ मी खरं मानलं गं.

येतेस का? जाऊबाईंनीच म्हटलं, की आधी ताईंना विचार. तिसरा पलंग अजून मिळेल.

तुझीच,
बारकी


२७ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद. आधी मला वाटलं, की मापच तू चुकीचं पाठवलंस. तुला तसं लिहूनही ठेवलं होतं. ते पत्र फाडलं. तू नर्स आहेस, तुला खांदे ओळखता येतात हे मी विसरलेच.

पण एक बोलू दे. आपल्या घरात आई काही विचारायची, तेव्हा पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की हो. मी जन्मभर तशीच वागले. तू सासरी गेलीस, तिथे एकदा विचारतात आणि कामाला लागतात. त्या दिवशी तू मला एकदा विचारलंस आणि पर्स उचललीस. मी त्याच बटणाला परत परत टाके घालत, तू पुन्हा विचारशील म्हणून वाट बघत होते. ते बटण आता कुणाला उपटता यायचं नाही.

हो, मला जाऊबाईंचा हेवा वाटतो. पोट दुखेपर्यंत वाटतो. त्यांच्या तिकिटाचा नव्हे, उंचीचाही नव्हे. विचारताक्षणी हो म्हणता येतं ना, त्याचा.

आता तू दुसऱ्यांदा विचारलंस. म्हणून लिहिते, नको गं. तुम्हाला उगाच अडचण.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मशीन थांबव, सुई टोचून ठेव आणि वाच. मुदत संपत होती, म्हणून तिसरा पलंग मी आजच घेऊन टाकला. तरी विचारायचं ते विचारतेच.

ताई, येतेस का?

बारकी


३ एप्रिल

चि. बारकीस,
येते.

तुझं पत्र वाचून दुकानाचं दार भर दुपारी लोटून घेतलं आणि मनसोक्त रडले. बाहेर एक बाई पँटच्या चेनसाठी ताटकळत होती, तिला डोळ्यात धागा गेला म्हणून सांगितलं.

माझा कोट परत पाठवू नकोस, मीच येऊन घालेन. जाऊबाईंसाठी दुसरा शिवते, या वेळी त्यांना समोर उभं करूनच. निळं कापड संपलं. तपकिरी आहे. तोही रंग वाईट नाही, असं त्यांना सांग.

वरच्या पलंगावर मी चढणार नाही. त्या उंच आहेत, त्यांचा हात पोहोचतो. मळमळीच्या गोळ्या भरपूर घे. आणि खिडकीजवळची जागा कुणाची, हे तुला वेगळं सांगायला नको.

लोभाचं नंतर बघू. आधी डेक पुसायला घे.

तुझी
कप्तान