बाईंच्या चार वस्तू

बाई, तुमच्या चार वस्तू मी चोरल्या. एवढं एक वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली, आणि तेही तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे म्हणून. भेस्तानला मोबाईलच्या दुकानावरचा माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास तुम्ही पाहिला होतात. आता तिथे दोन खोल्या झाल्यात. इच्छापोरच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणारी पोरं येतात, लग्न ठरलेल्या मुली येतात, आणि बाहेर माझ्या फोटोशेजारी गुजरातीत मोठ्ठा बोर्ड आहे: चार वस्तूंतून भविष्यकाळ शिका, मॅडमची स्वतःची पद्धत. स्वतःची! कसली डोंबलाची स्वतःची!

आठवीत तुम्ही मला उभं केलं होतंत. शुक्रवारी तुझे पप्पा काय करणार आहेत, इंग्रजीत सांग. मी छाती काढून म्हटलं, 'माय फादर विल गो टू व्हिलेज.' तुम्ही विचारलंत, तिकीट काढलंय का? म्हटलं, हो बाई, परवाच. तुम्ही कपाळावर हात मारलात आणि तुमच्या तोंडून एकदम घरची अहिराणी निघाली, 'काय वं, जठे तठे विल लाई राहिनी तू!' सगळा वर्ग खो खो हसला. मी रडकुंडीला आले. मधल्या सुट्टीत तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, चूक तुझी नाही, मीच नीट शिकवलं नाही, थांब जरा. मग विचारलंत, तुझे पप्पा लूमवर आहेत ना? दोरा संपत आलेली एक कांडी आणशील?

दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर गजराचं घड्याळ, रेल्वेचं तिकीट आणि माझी कांडी. पप्पांनी शेठला विचारून आणलेली, लाकडी, वर पिवळ्या दोऱ्याचे चार-पाच वेढे उरलेले. तुम्ही घड्याळ उचललंत. कारखान्याची पाळी सातला सुरू होते, ते वेळापत्रकानं ठरलंय, तिथे इंग्रजीत साधा वर्तमानकाळच चालतो: 'द शिफ्ट स्टार्ट्स ॲट सेव्हन.' मग तिकीट. सगळी तयारी झालीय, फक्त निघायचं बाकी: 'वी आर गोइंग होम ऑन फ्रायडे.' मग कांडी हळूहळू फिरवलीत. दोरा संपत आलेला डोळ्यांना दिसतोय, कुणी सांगायला नको: 'द थ्रेड इज गोइंग टू रन आऊट.' चौथी वस्तू कुठाय, आम्ही विचारलं. तुम्ही रिकामा तळहात पुढे केलात. काही ठरलेलं नाही, काही दिसत नाही, आत्ता या क्षणी मनात आलं आणि बोललो: 'आय विल हेल्प यू.' लूमवाल्यांची पोरं आम्ही, घरात इंग्रजीचा गंध नाही, पण त्या दिवसानंतर आमच्यातलं कुणी त्यात चुकलं नाही. मी क्लास काढला तो त्या एका तासाच्या जोरावर. माझ्याकडे दुसरं होतं काय?

तुम्ही रिटायर होऊन बारडोलीला मुलाकडे गेलात. एका दुपारी, कळवलं नाही की काही नाही, बस पकडून क्लासला हजर. 'कशी शे वं बेटा?' म्हणालात आणि मागच्या बाकावर जाऊन बसलात. मी नेमका भविष्यकाळ शिकवतेय. समोर घड्याळ, तिकीट, कांडी. आता मध्येच थांबायचं कसं? चौथ्या वाक्याला मी तळहात पुढे करते आणि एक मुलगी विचारते, 'मॅडम, ये आपने खुद सोचा?' सरळ होतं हो! मागे बोट दाखवायचं, म्हणायचं, त्या बसल्यात ना, त्यांचं आहे. माझ्या तोंडून निघालं, 'हां, मैंने ही बनाया है.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई, तुम्हीही वाजवल्यात.

मुलं गेल्यावर मी चहा मागवला. तुमच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, दोरा आधी दाखव, वाक्य मागून सांग, तू उलटं करतेस. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलंत. 'आता मला शाळा नाही. तुला कामाला येईल, हेच द्यायला आले होते.' आठवीतली ती कांडी होती. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, तुमच्या अक्षरात माझं पूर्ण नाव, इयत्ता आठवी, आणि पुढे 'हिने आणली'. तुम्ही म्हणालात, दरवर्षी मुलांना सांगायचे, ही कुणाची ते. एका लाकडाच्या तुकड्यासाठी तुम्ही इतकी वर्षं माझं नाव घेत होतात, आणि मी तुमच्यासमोर, तुमच्या तोंडावर... तेव्हा तरी पाय धरायचे. मी थँक्यू म्हटलं आणि तुम्हाला रिक्षा करून दिली. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. सगळे बारडोलीला गेले. मी क्लासला सुट्टी देता येत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी रविवार होता.

क्लासची एक पुस्तिका आहे, ती आता दुसऱ्यांदा छापायचीय. आज सकाळी प्रेसवाल्याचा फोन आला, मॅडम, पहिलं पान कोरं आहे, काही टाकायचंय? मी तासभर कागद घेऊन बसले. 'ही पद्धत माझ्या बाईंची आहे' असं लिहिलं. मग बोर्डाचं काय करायचं, पोरं काय म्हणतील, पलीकडच्या गल्लीतला क्लासवाला उद्या हेच शिकवायला बसेल, असं सगळं डोक्यात आलं. कारणं खरी आहेत आणि सगळी फालतू आहेत. ते वाक्य खोडलं. हे पत्र तुमच्या मुलाला बारडोलीला पाठवावं असंही मघाशी वाटलं होतं, पण नाही पाठवणार. वाचून तो इथे येऊन उभा राहिला तर?

प्रेसला शेवटी काय पाठवलं ते सांगते. 'माझ्या बाईंच्या आशीर्वादाने.' आशीर्वाद म्हणे! प्रेसवाला म्हणाला, 'बहु सरस, मॅडम, आजकाल गुरूला कोण याद करतं?' आणि बाई, लाज वाटते सांगायला, ते ऐकून मला बरं वाटलं.