आईच्या घराचं कुलूप बदलण्याबाबत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मला उठवायला मात्र वाकू नकोस. गुडघ्याला जप.) डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू पायाला बांधतेस की खुंटीला, हे भावोजींना वेगळं विचारणार आहे. इकडे सगळं ठीक. यांचा खोकला गेला, खोकायची सवय तेवढी राहिली आहे.

आईच्या घराचं पुढे काय झालं, हे तू फोनवर विचारलंस आणि मी 'सविस्तर लिहिते' म्हणाले. कारण फोनवर तू निम्म्यातच चिडतेस आणि भावोजी मागून सल्ले देतात. (घर हप्त्यांवर विकावं, वर व्याजही मिळेल, हा सल्ला त्यांचाच होता. मी दोष देत नाही, नुसती आठवण करून देते.) हप्ते यायचे थांबले, घेणारे गृहस्थ फोन उचलेनात, तेव्हा 'शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर आपल्याच नावावर आहे, सरळ कुलूप बदलून टाक' हा सल्लाही त्यांचाच. मी त्यांचं ऐकते, हे माझं दुर्दैव.

तर मी गेले. सकाळची वेळ, गृहस्थ कामावर गेले असतील असा हिशोब. ते एका मोठ्या हॉटेलात देखभालीच्या कामाला आहेत, असं करारात लिहिलं होतं ना? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात कुलूपवाल्याची चौकशी केली, तर दुकानदाराने गल्ल्यावर चिकटवलेली पट्टी दाखवली, 'कुलूप-किल्लीची सर्व कामे, त्वरित सेवा'. आईच्या घराच्या दारासमोर उभी राहून मी तो नंबर लावला आणि घंटा घरातूनच ऐकू आली. मला वाटलं, योगायोग. 'कुलूप बदलायचंय' एवढं फोनवर म्हणते, तेवढ्यात दार उघडलं आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी घेतलेले आपले गृहस्थ बाहेर आले.

"कुठलं कुलूप बदलायचंय, बाई?"

मी बोटाने त्यांचंच दार दाखवलं. दुसरं काय करणार, ताई? खोटं बोलायचं तर आधी सुचावं लागतं. त्यांनी शांतपणे चष्मा लावला, दाराला वाकून पाहिलं आणि धंद्याच्या आवाजात म्हणाले, "हे चांगलं आहे, अजून खूप वर्षं जाईल. तरी बदलून देतो. एक किल्ली मला ठेवा फक्त, आत राहतो ना आम्ही."

मग मला आत बसवलं. त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की हप्त्याचा विषय मला काढावाच लागला नाही. हॉटेलने सगळ्या खोल्यांना कार्डाने उघडणारी दारं बसवली आणि कुलपांचा माणूस काढून टाकला. फोन का उचलत नव्हते? तर सांगायला काही नव्हतं म्हणून. ("गिऱ्हाइकाचा नंबर असता तर लगेच उचलला असता," बायको म्हणाली. बाई चांगली तिखट आहे. मला आवडली.) आता स्वतःचं काम सुरू केलंय, त्यासाठी नवा नंबर घेतलाय, जम बसतोय. निघताना मी मागच्या दाराने गेले. आठवतं ना, आई खांदा लावायची तेव्हा ते दार लागायचं? आता एका बोटाने लागतं. मला उगाच राग आला. मग वाटलं, आपण दोघी इतकी वर्षं त्या घरात राहिलो, आईचा खांदा दुखायचा, आणि आपल्याला हे कधी सुचलं नाही.

तिथून वकीलबाईंकडे. त्यांच्या ऑफिसखाली दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे आपले सगळे कायदेशीर मार्ग मी ड्रिलच्या आवाजात ऐकले. कुलपाचं सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या आणि मग रागावल्या. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुलूप बदललं असतं तर उलट तेच आपल्यावर दावा लावू शकले असते म्हणे. (भावोजींना कळव.) रीतसर करायचं तर आधी नोटीस द्यायची, थकबाकी भरायला मुदत द्यायची. भरली नाही तर करार रद्द करायला आणि ताबा मिळवायला कोर्टात जायचं. पण त्यांनी आजवर भरलेलं सगळं आपल्यालाच ठेवता येईल असं नाही, त्यातलं किती परत करायचं ते कोर्ट ठरवणार. नाहीतर घर त्यांच्याकडेच ठेवून नुसत्या थकबाकीचा दावा लावायचा. ते राजीखुशीने घर परत देत असतील तर तसं लिहून घ्यायचं, म्हणजे आपण पुन्हा गिऱ्हाईक शोधायला मोकळे. किंवा हप्ता लहान करून मुदत वाढवायची. मी विचारलं, यातलं लवकर काय होईल? कारण तुझं गुडघ्याचं ऑपरेशन या हप्त्यांवरच अडलंय, हे मला विसरता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाचं म्हणाल, तर तोवर दुसरा गुडघाही जाईल."

तरीपण मी आता कडक व्हायचं ठरवलंय. व्यवहार तो व्यवहार. सोबत कागद पाठवते आहे. घर दोघींच्या नावावर असल्याने तुझी सही लागेल. माझ्या सहीखाली कर.

तुझी धाकटी

ता. क. सही करण्याआधी कागद वाचशीलच, म्हणून सांगून टाकते. ती नोटीस नाही. हप्ता लहान करण्याचा पुरवणी करार आहे. तुझं ऑपरेशन होईपर्यंत सगळे हप्ते तुझ्याकडे येतील, माझ्या वाट्याचं नंतर बघू. यावर भांडायचं असेल तर आधी सही कर, मग भांड. भावोजींना मात्र नोटीसच आहे असं सांग.

ता. क. दुसरा. पाकीट टाकायला म्हणून बाहेर पडले आणि मागे दार ओढलं गेलं. किल्ली आत, हे ऑफिसात. हे मी जिन्यात बसून लिहिते आहे. गृहस्थांना फोन केला, तर आज पहिल्या घंटेला उचलला. आता ते दाराशी खटपट करताहेत आणि पैसे घेणार नाही म्हणताहेत. हे हप्त्यात धरायचं का, ते वकीलबाईंना विचारावं लागेल. उघडलं बघ.