लांबोडीची खरखर

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! सायकलफेरीला नावं दिली! रविवारी शंभर किलोमीटर, आम्ही दोघं, एकाच सायकलवर. सायकलवाल्याने यादीत लिहून घेताना विचारलं, "पुढे कोण बसणार, काकू?" माझ्याआधी हेच बोलले, "वीस वर्षं बस मी चालवली, आता हँडल हिच्याकडे. मी कंडक्टर!" सगळं दुकान हसलं. डोळे गेल्यापासून तीन वर्षांत हे चारचौघांत असं बोलले नव्हते. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

दुसरी बातमी त्याहून मोठी. घरी आल्या आल्या हुकूम सुटला, "चेन मी धुणार. एकटा. तू स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाहीस." नाही आले! पॅसेजमध्ये लांबोडी भिंतीला टेकवलेली (दोन सीटची आमची सायकल, लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळता वळत नाही), शेजारी डिझेलचा डबा आणि जुना टूथब्रश. दीड तास खुडबुड चालली होती. मागची मोठी चेन काढली, घासली, तेल दिलं, परत लावली, पेडल फिरवून पाहिलं. आत आले तेव्हा कोपरापर्यंत काळे आणि तोंडभर हसू. मी दोन्ही हात साबणाने धुऊन दिले. फार फार बरं वाटलं.

मला आज सुट्टी, दुपारी ते झोपल्यावर मी चेन उजेडात बघितली. चार-पाच कड्यांच्या सांध्यात काळं राहिलेलं. वर्कशॉपमध्ये दिवसभर मुलींची शिवण तपासायची सवय, हात गप्प बसतात होय! जोडकडी उघडली, चेन ओढून काढली, पुसली, परत ओवली. दहा मिनिटांचं काम. त्यांना सांगायची काही गरज नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सरावाला निघालो आणि पहिल्याच वळणावर — खर्रर्र! कुत्री भुंकायला लागली. दूधवाला वळून बघतोय. आणि मागच्या सीटवर साहेब एकदम ताठ.

"पेडल थांबव." थांबवलं. आवाज बंद. "मार." खर्रर्र! "म्हणजे चाकाचं दुखणं नाही. चाक असतं तर पेडल थांबवल्यावरही वाजलं असतं." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "पेडलही नाही. पेडल असतं तर फेरीला एकदाच टक् झालं असतं. हे सलग आहे." अहाहा! इंजिनाच्या खोकल्यावरून रोग ओळखणारा माणूस परत आला! रस्त्यात उतरून पाठ थोपटावीशी वाटली.

पण मग उरली चेन. बिचाऱ्यांचं काहीतरी चुकलं असणार. मी मोठ्या मनाने एक शब्द बोलले नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कडी-कडीला थेंब थेंब तेल दिलं त्यांनी. खरखर जशीच्या तशी. वर फरशीवर डाग!

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे म्हणाले, "रविवारी राहू दे. नाव काढून टाक." मी म्हटलं, अहो, एका आवाजासाठी? "आवाजासाठी नाही गं. मला वाटलं होतं, बोटांना अजून कळतं." ताटात अर्धी पोळी तशीच. मग त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तीन वर्षं ज्या खुर्चीत काढली तीच. ती खुर्ची एकदा भंगारात घालणार आहे मी!

ते काही नाही. उद्या अर्धी रजा टाकते आणि लांबोडीला दुकानात नेते. नाव काढायचं नाही म्हणजे नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायलाही लाज वाटते.

हे "येत नाही" म्हणत होते, ओढून नेलं. सायकलवाल्याने लांबोडी टांगली, उकिडवा बसला, दोनदा पेडल फिरवलं आणि फस्सकन हसला. मागच्या गिअरखाली दोन छोटी दातेरी चाकं असतात. त्यांच्यामध्ये एक बारीक पट्टी. चेन पट्टीच्या आतून जायला हवी. आमची बाहेरून गेली होती, पट्टीवर घासत होती. "कोणी लावली ही?"

हे म्हणाले, "मी."

आणि त्या क्षणी मला लख्ख आठवलं. सोमवारी ह्यांनी चेन लावून पेडल फिरवलं होतं आणि मी स्वयंपाकघरात ऐकलं होतं. कसलाही आवाज नव्हता! मी मात्र ओवल्यावर फिरवून बघितलंच नव्हतं. मशीनवर दोरा ओवताना एक कडी सुटली की सगळी शिलाई बिघडते, हे मी मुलींना रोज ओरडून सांगते. आणि स्वतः तेच केलं!

तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सायकलवाला "होतं असं, काका" म्हणाला. दोन मिनिटांत चेन नीट बसली. परत येताना लांबोडी अगदी गप्प.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहा ठेवला आणि सांगून टाकलं. सगळं. दुपारची झोप, काळे सांधे, जोडकडी, दुकानातलं मौन, सगळं.

कप खाली ठेवला त्यांनी. "चार दिवस," म्हणाले. "चार दिवस मी माझ्या बोटांना शिव्या देतोय." आवाज चढला. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. काळं राहिलं होतं तर हाक मारायची, म्हणाले, मी परत घासलं असतं. "तू माझं काम तपासलंस ते तपासलंस. वर मला कळू दिलं नाहीस!"

खरं होतं. माफी मागितली. कप परत उचलून एक घोट घेतला त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे माझी चेन बरोबर होती?" होती हो, म्हटलं, एकदम बरोबर. "परत सांग." सांगितलं. "आता उद्या काही झालं तर हात लावायचा नाही." शपथ घेतली. उद्या जाणार! जाणार म्हणजे जाणारच!

९ नोव्हेंबर, रविवार

शंभर! पूर्ण! पायांचे तुकडे पडलेत, पेन धरवत नाही, तरी लिहिणार!

बासष्टाव्या किलोमीटरला चढावर चेन पडली. मी उतरले आणि हात पुढे गेलाच होता! "तिकडे दगडावर जाऊन बस," म्हणाले. बसले. पाठ फिरवून. सायकलवाला मागून आला, मदतीला धावणार होता, त्यालाही हाताला धरून बसवलं. सात मिनिटं. मग मागून आवाज, "चला, गाडी सुटणार!" उरलेल्या रस्त्यात वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. शेवटच्या उतारावर हे मागे मोठमोठ्याने थांब्यांची नावं पुकारत होते. सोबतचे आणि आम्ही, सगळे खुळ्यासारखे हसत होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुढच्या महिन्यात दोनशेची फेरी आहे. हे जाणार आहेत. लांबोडीवरच, पण पुढच्या सीटवर सायकलवाला. फोनवर ठरवूनही टाकलं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. असेच तर परत हवे होते मला हे! मी "जा की" म्हटलं आणि मोरीत नळ सोडून खूप रडले.