यंत्र चालू असतं तोवर

पातं तुटलं तेव्हा मी जाळीतल्या वेलीच्या शेवटच्या वळणावर होते, अण्णा. टक् असा आवाज झाला आणि पात्याचा वरचा तुकडा हवेतच वरखाली नाचत राहिला. पायाखालचं बटण सोडलं, यंत्र थांबलं. प्लायवूडवर पेन्सिलीची रेघ स्पष्ट दिसत होती. माझा काप त्या रेघेला सोडून आत गेला होता, बाहेर आला होता, पुन्हा आत गेला होता. पात्याचा दोष नव्हता, ते कालच बदललं होतं. मी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि उजव्या अंगठ्याकडे बघत बसले. यंत्र थांबलं होतं, तो थांबला नव्हता.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे यंत्र तुम्हाला समजावून सांगावं लागेल. काम तुमच्या हातकरवतीचंच, पण विजेवर. तुमच्याकडे लाकूड स्थिर असायचं आणि करवत चालायची. इथे पातं एका जागी वरखाली होतं आणि लाकूड आपण फिरवायचं. स्क्रोल सॉ म्हणतात. बोरिवलीच्या या घरात स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायची जागा आहे, तिथे निवृत्त झाल्यावर मी ते बसवलं. हे म्हणाले, लोक रिटायर झाल्यावर देवळात जातात, तू घरात गिरणी टाकलीस. खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर आल्या होत्या. आता दुपारी त्यांच्या झोपेच्या वेळी यंत्र बंद असतं, आणि त्यांच्या देव्हाऱ्याला मी कापलेली जाळी आहे.

थरथर पहिल्यांदा कधी जाणवली ते मला नेमकं सांगता येत नाही. जाळीचं आतलं नक्षीकाम करायचं तर आधी भोक पाडायचं, पातं सोडवायचं, भोकातून ओवायचं आणि पुन्हा आवळायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते ओवणं जमेनासं झालं. पात्याचं टोक भोकाच्या आजूबाजूला टोचत राही. मी चष्मा बदलला. दिवा बदलला. मग चहा कमी केला. वर्तमानपत्राचा कागद पसरलेल्या बोटांवर ठेवून बघितला, तो पानासारखा हलला. मी तो घडी करून ठेवला आणि पुन्हा ती परीक्षा घेतली नाही. हल्ली मी यंत्रावर जास्त वेळ बसते. हे म्हणतात, नाद लागलाय. खरं कारण वेगळं आहे. यंत्र चालू असतं तोवर टेबल, लाकूड, हात, सगळंच थरथरत असतं. त्यात माझं काय आणि यंत्राचं काय, हे कुणाला वेगळं काढता येत नाही.

मागच्या रविवारी मुलगी कांदिवलीहून आली होती. तिच्या ऑफिसने घरून काम करणं बंद केलंय, आता रोज जावं लागणार. दिवसभर बाळाला मी सांभाळायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, मीसुद्धा. वाटीतून दूध भरवताना चमचा त्याच्या हनुवटीवर आपटला. ती मोबाइलमधून मान वर करून हसली. म्हणाली, "आई, तुझा हात व्हायब्रेट मोडवर आहे का गं?" मीही हसले. बाळ हसलं. मग मी चमचा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तू भरव, तुझी सवय मोडायला नको. त्यानंतर आठवडाभर मी एकाच गोष्टीचा विचार करतेय. आंघोळीचं कढत पाणी. साबण लागलेलं त्याचं अंग. आमच्या जिन्याच्या पायऱ्या, कारण लिफ्ट निम्मा वेळ बंद असते. तिला सांगितलं तर ती बाळाला माझ्याकडे ठेवणार नाही. नाही सांगितलं तर ठेवेल.

घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्यांत तुम्ही सुट्टीच्या सकाळी ओट्याच्या कडेला लाकूड टेकवायची ती खाचेची फळी आवळायचात, तेव्हा आईचा स्वयंपाक अडायचा. ती म्हणायची, भाजीत भुसा पडला तर तोच वाढीन. ऑफिसात आठवडाभर यंत्रांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन पुन्हा रेघेवरच चालायचं, यात तुम्हाला काय मिळत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. एकदा तुम्ही करवत माझ्या हातात दिलीत. मी जोर लावला, पातं वाकलं आणि तुटलं. तुम्ही नवं पातं लावलंत, माझ्या मुठीवर तुमची मूठ ठेवलीत. "दाबू नकोस. कापायचं काम तिचं आहे. तू फक्त कुठे जायचं ते दाखव." तुमचा हात कोरडा आहे, गरम आहे, आणि जराही हलत नाही. मी तो हात अजून पाहू शकते. माझ्या मनगटाच्या वर, दगडासारखा.

मग तोच हात वर्तमानपत्राखाली जाऊ लागला. तुम्ही बशीतून चहा पिणं सोडलंत. कपही अर्धाच भरून मागायचात. तुमचं अक्षर लहान होत गेलं, इतकं की आई म्हणाली, "शाई वाचवताय का?" आणि तुम्ही म्हणालात, हो, तुझ्या दागिन्यांसाठी. नोकरी वेळेआधी सोडलीत तेव्हा सांगितलंत की नवीन साहेबाशी पटत नाही. डोळे गेले म्हणून जाळीकाम बंद केलं, असंही सांगितलंत. आम्ही मान्य केलं. आजाराचं नाव घरात आलं ते तुम्ही न्हाणीघरात पडलात त्यानंतर, डॉक्टरांच्या तोंडून.

त्या मधल्या काळात तुम्ही एकच गोष्ट केलीत. एक हत्ती. जाड लाकडाचा, तुकड्या-तुकड्यांत कापलेला, जुळवून उभा करायचा. मी तेव्हा नोकरीला लागले होते. आई म्हणाली, हिचं वय आहे का हत्तीशी खेळायचं? तुम्ही म्हणालात, असू दे, पुढे होईल. माझी मुलगी त्याच्याशी खेळली. आता तो यंत्राखालच्या खणात असतो, बाळासाठी ठेवलेला. आज पातं तुटल्यावर मी तो बाहेर काढला. खरं तर हाताला काहीतरी काम हवं होतं.

एकेक तुकडा सुटा केला आणि पहिल्यांदा त्यांच्या कडा नीट पाहिल्या. एकही कड सरळ नाही. सोंडेची, कानाची, पायाची, प्रत्येक कड बारीक बारीक लाटांनी भरलेली आहे. ती नक्षी नव्हे. मला ती ओळखता येते, कारण माझ्या वेलीच्या कडेवर तशीच आहे. पण तुकडे जुळवले तर मध्ये फट राहत नाही. जाळीत रेघेशी हिशोब असतो, हात हलला की काम फुकट जातं. इथे एकाच कापातून दोन्ही कडा निघतात. करवत जशी हलली तशी एक बाजू झाली आणि तशीच दुसरी. थरथर दोघांच्या वाट्याला सारखीच आली, म्हणून ते एकमेकांत बसतात.

म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. डोळे गेले नव्हते. तुम्ही फक्त असं काम शोधलंत जे त्या हाताने होईल. मला बरं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण मग वाटलं, इतकं सगळं माहीत असताना हा माणूस आमच्यात बसून चहा अर्धा का पीत होता? तुम्ही आम्हाला सांभाळत होतात की स्वतःला? रागावून विचारत नाही. मला उद्यासाठी माहिती हवी आहे.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. पुढच्या आठवड्यापासून बाळाला सोडते, फिक्स ना? मी म्हटलं, हो, म्हणजे बघू. ती म्हणाली, बघू काय, आई? मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

हे पत्र मी पेनने लिहायला घेतलं ते मुद्दाम. पहिल्या ओळी मोठ्या आहेत. आता वर पाहिलं तर प्रत्येक ओळ शेवटाकडे बारीक होत गेलीय. चष्म्याचं काही नाही, चहाचं नाही. वेलीच्या नमुन्याच्या कागदामागे लिहितेय आणि हा कागद हत्तीच्या खणात जाईल, दुसरीकडे कुठे जायचा? एवढंच सांगायचं होतं की मला भीती वाटते, आणि ती आजाराची कमी आहे. बाळ माझ्या हातात नसेल, याची जास्त आहे.

पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय, अण्णा. सकाळी ह्यांना चहा दिला तेव्हा कप बशीवर वाजू दिला. ते बघत राहिले, मग कप माझ्या हातातून घेतला. मग मीच मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आज सुट्टी टाकते, डॉक्टरकडे मी येणार, तू एकटी जायचं नाहीस. दहाच्या आत ती बाळाला घेऊन आली. मी त्याला उचललं नाही. हत्तीचे तुकडे पसरून जमिनीवर बसले. तो आपणहून मांडीवर येऊन बसला.