राखणदाराला निम्मा करू नकोस

मांडवी, रत्नागिरी
गुरुवार, दुपारचे पावणेदोन

चि. नेत्रा हिला जानूकाकाचे भरभरून आशीर्वाद. मैनाकाकीचेही आहेत, पण ती सुके बांगडे कागदात बांधते आहे, तेव्हा तिचे वासासकट पोचतील. तुझा खोकला गेला का? वेळेवर जेवतेस ना? आमचं ठीक आहे. पावसात माझा गुडघा दुखतो, तो कबूल केल्याप्रमाणे दुखतो आहे. मासेमारीची बंदी चालू, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्यात, आणि साठी उलटलेला हा होडीचा तांडेल घरात बसून टीव्हीच्या पडद्यावर रोज मरतो आहे. (कालपर्यंत एकशे बेचाळीस वेळा. मैना दूधवाल्याच्या खाड्यांसारख्या कॅलेंडरवर खुणा करते.)

शेजारचा रघू मुंबईच्या गाडीला निघालाय आणि पत्रासाठी दारात उभा आहे, म्हणून आधी मुद्दा सांगतो. मंगळवारी मी फोनवर तुला जे बोललो ते सगळं मागे घेतो. तुझा फोन तेव्हापासून बंद, ऑफिसचा नंबर माझ्याकडे नाही, आणि शनिवारी दुपारी तू बनवलेल्या व्हिडिओ गेमवर शेवटचं शिक्कामोर्तब. दोन रात्री मला झोप नाही. तुझे साहेब म्हणाले होते, गेममधल्या देवळातला राखणदार फार कठीण आहे, लोक कंटाळून गेम सोडतील, त्याची ताकद निम्मी करा. तू म्हणालीस, माझ्या काकाने जन्मात गेम हातात धरला नाही, त्याला दहा दिवस देऊ, तो म्हणेल ते खरं. आणि दहाव्या दिवशी काकाने तोंड वर करून सांगितलं की बाई, हा माणसाच्या हातून पडणारा नाही, निम्मा कर. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. तुझा बाबाही पटलं नाही की असंच ‘बरं’ म्हणायचा.

आता दहा दिवस काय घडलं ते ऐक. पहिले दोन दिवस मी राखणदारावर हातच उचलला नाही. गावच्या राखणदाराला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग पुढे जायचं, ही आपली रीत. मी तलवार म्यान करून समोर उभा राहिलो, पाया पडायचं बटण शोधत. त्याने साखळदंड फिरवला आणि मला पायऱ्यांवरून खाली धाडलं. (नारळ पिशवीत हवा होता, हे माझं मत अजून कायम आहे.) मेल्यावर माणूस देवळाखालच्या दिव्यापाशी परत उठतो, तेही बेस. पण दिवा दिसला की मैना हात जोडते आणि मलाही जोडायला लावते. हात जोडायचे तर रिमोट खाली ठेवावा लागतो. तुझा गेम काही तेवढ्यासाठी थांबत नाही, आणि दिव्यामागे ते दोन भालेवाले टपलेले. तेवीस वेळा मी नमस्कार करताना मेलो. यमाकडे याची वेगळी नोंद असेल तर पुण्य बरंच साठलं असावं.

पाचव्या दिवसापासून मी पेटलो. दर्याशी चाळीस वर्षं झुंजलेला माणूस, त्याला एक चित्रातला राक्षस दोन फटक्यांत आडवा करतो म्हणजे काय! मी दबकत गेलो, धावून गेलो, एकदा तर रागाने पाठ करून उभा राहिलो. नवव्या दिवशी मी जेवणाच्या ताटावर बसूनही रिमोट सोडला नाही, तेव्हा मैनाने मीठ-मोहऱ्या घेऊन आधी माझी, मग टीव्हीची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला. हरलो हे सांगायची लाज वाटली, म्हणून तो कठीण आहे असं सांगितलं. खरं ते एवढंच.

बुधवारी दुपारी मात्र, आता काय राहिलंय म्हणून, मी न मारता नुसता बघत बसलो. खाडीच्या तोंडाशी होडी काढताना करतो तसंच. लाट उठायच्या आधी पाणी मागे ओढतं, ते बघून वल्ही मारायची. दर्या कोणाचं वय बघून लाट लहान करत नाही, पण न सांगता मारतही नाही. तर राखणदार साखळदंड टाकायच्या आधी काय करतो ते बघितलं. तो साखळीचा वेढा डाव्या कोपरावर घेतो, कमरेत वळतो, एक क्षण श्वास धरतो आणि मग गोल फेकतो. नेत्रा, मी रिमोट खाली ठेवला. तुझा बाबा गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग टाकायचा, ते जाळं असंच उघडायचं. डावा पाय जरा ओढून चालणं तेच. दादाला जाऊन चार वर्षं झाली, आणि मी इतके दिवस त्याच्यावर तलवार चालवत होतो. हे तू मला सांगितलं नाहीस, मीही विचारणार नाही. पण डोळे पुसून मग मी उठलो आणि खेळलो. श्वास धरला की बाजूला, फेकून झालं की पुढे. त्याच्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी उरली. तेवढ्यात लाईट गेली.

रघू ओरडतो आहे, “काकानू, आटपा वो, गाडी चुकंल माझी.” तेव्हा आवरतं घेतो. त्याची ताकद कमी करू नकोस. फक्त उजवीकडचा खांब हलव, राखणदार त्याच्यामागे गेला की त्याचं कोपर दिसत नाही. दादा लपून पाग टाकणारा नव्हता.

तुझा,
जानूकाका

ता. क. एक गोष्ट पत्रात लिहायला धीर झाला नाही. पहिल्याच दिवशी देवळाच्या उंबऱ्यावर मैना म्हणाली होती, “अवो, देवळात पायतान घालून कोन जातो? काढा आदी त्याची.” मी खेळातल्या माझ्या गड्याची काढली आणि त्याच्या पिशवीत ठेवली. आज सकाळी पिशवी धुंडाळताना सापडली. खाली लिहिलंय की ती पायात नसतील तर प्रत्येक फटका दुप्पट लागतो. म्हणजे तू चार फटक्यांचा माणूस केला होतास, मी दोन फटक्यांचा झालो, आणि खापर राखणदारावर फोडलं. साहेबांना हे सांगितलंस तरी चालेल. मांडवीत सांगू नकोस.

आणखी ता. क. मैना म्हणते, आता तरी घाला. घातली नाहीत. दादाच्या खळ्यात, त्याच्या सारवलेल्या अंगणात, मी कधी चपला घालून गेलो नाही. शनिवारपर्यंत जमलं तर अनवाणीच जमेल, नाही जमलं तर मी आणखी मरेन, मला सवय झाली आहे. त्याला मात्र पुरा ठेव.