गळ्यापर्यंत भरलेली बाटली

बाबा, काल पाहुणे गेल्यावर वाइन अर्धी उरली. मी ती औषधाच्या दोन लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरली, बुचं घट्ट बसवली आणि फ्रीजमध्ये ठेवली. सुनेनं विचारलं, हे कुठं शिकलात? वडिलांकडून, म्हटलं. पुढचं काही सांगितलं नाही.

श्रीरामपूरहून फादर महिन्यातून एकदा मिस्सेच्या उपासनेला आपल्या वस्तीवर यायचे. मिस्सेचा द्राक्षारस सांभाळायचा मान तुमचा, वस्तीला प्रार्थना शिकवणारे मास्तर म्हणून. मोठी बाटली उघडली की उरलेला रस तुम्ही लहान बाटल्यांत भरायचे, बुचावर मेण ओतायचे आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरायचे. हवा शिरली की आंबला, हे तुम्ही मला शंभरदा बजावलं होतं. मी आठ वर्षांची. त्या दुष्काळात रांजण कोरडा, वाळूही कोरडी, आणि शेवटच्या बाटलीचं मेण तडकून रस चार बोटं खाली गेलेला. तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. मी उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरलं, वर मेणबत्ती ठिबकवली. तुम्ही शाबासकी द्याल असं मला वाटलं होतं.

रविवारी फादरांनी वास घेतला, चव घेतली आणि बाटली बाजूला ठेवली. पाणचट रस मिस्सेला चालत नव्हता, मिस्सा झालीच नाही. कोसभर चालत आलेली माणसं नुसती प्रार्थना करून परतली. यापुढं रस मीच आणीन, एवढंच फादर तुम्हाला म्हणाले. तुमचा मान गेला.

घरी येऊन तुम्ही दाराला कडी घातली आणि सायकलचा पंप उचलला. पहिला घाव आईच्या खांद्यावर बसतो, दुसरा कानावर. चुलीतली राख अंगभर उडते. ती भिंतीला सरकते, तुम्ही केस धरून तिला पुढं ओढता.

"तूच पिलीस ना? वर पानी घातलंस?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या बोटांवर मेणाचे पोळलेले डाग होते.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच पिले."

मग तुम्ही पंप वाकेपर्यंत मारलं. तिच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानानं तिला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. मरेपर्यंत वस्तीतल्या बाया तिला दारुडी म्हणत राहिल्या.

तुमचा राग मला अजून येतो, बाबा. पण हे पत्र तुमच्या कबरीवर नेऊन ठेवायचं धाडस होत नाही. बाजूलाच आई आहे, आणि ती "व्हय" म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं.